न खेळता दिलेला निवाडा

७ जानेवारी

प्रिय खारू,

हे पत्र माफीचे नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. म्हणजे तू ते त्या अपेक्षेने उघडणार नाहीस आणि त्या धास्तीने फाडणारही नाहीस. पत्ता तुझ्या बायकोने दिला. मी मागितला, तिने दिला. तिच्यावर चिडण्याचे कारण नाही. ती मला अजून वन्सं म्हणते, आणि ज्या घरातून सहा वर्षांत मला कोणी काहीच म्हटलेले नाही, त्या घरातून एवढे पुष्कळ झाले.

कळवायचे ते असे. नोव्हेंबरात माझे उजवे मनगट मोडले. कपाटावरचा फायलींचा सर्वांत वरचा गठ्ठा काढताना स्टुलावरून पडले. गठ्ठा कोणता, हा प्रश्न अप्रस्तुत आहे. हाड जुळले, पण बोटे आखडली. आठवड्यातून तीनदा एक फिजिओथेरपिस्ट घरी येते. तिशीतली, बोलघेवडी, आणि माझ्या वयाचा दरारा तिला काडीइतकाही वाटत नाही. स्पंजचा चेंडू दाबून दाबून मी कंटाळले हे पाहून ती म्हणाली, व्हिडिओ गेम खेळा, बोटे आपोआप फिरतील. मी म्हटले, माझे वय अडुसष्ट आहे. ती म्हणाली, ते बोटांना कुठे माहीत आहे.

मग तिने आपल्या फोनवर यादी काढली. "हा घ्या काकू. सुपरहिरोंचा आहे, पत्त्यांचा आहे, डोक्याचा आहे आणि पंचाहत्तर टक्के सूट आहे. तुमच्यासाठीच ठेवल्यासारखा." नाव वाचले: 'शेवटची फळी'. तुम्हा दोघांचा खेळ. म्हणजे आता कागदोपत्री केवळ तुझ्या भागीदाराचा. तिला यातले काही ठाऊक नव्हते आणि मीही सांगितले नाही. खेळ मी घेतला. सूट होती म्हणून घेतला. यातून अन्य निष्कर्ष काढू नयेस.

पहिली लढाई मी चौथ्या प्रयत्नात जिंकले. आपले तीन वीर, समोर सात-आठ दुष्ट. प्रत्येक फेरीला हाती सहा पत्ते येतात, त्यांतले तीनच खेळता येतात. साधा ठोसा मारला की थोडे बळ साठते. मोठा पत्ता टाकला की ते खर्ची पडते. मला वाटले होते नुसती आरडाओरड आणि हाणामारी असेल. तसे नाही. तीनच वाक्ये बोलायची परवानगी असताना बाजू मांडण्यासारखे ते आहे. एका पत्त्यावर लिहिले आहे: 'शेजारी भिंत असल्यास दुप्पट इजा.' चाळीस वर्षे मी लोकांचे करारनामे वाचले. इतके स्वच्छ कलम क्वचितच पाहिले. ही तुझ्या भागीदाराची भाषा, मला माहीत आहे. तुला वाचून राग येईल, पण गुण तो गुण.

उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


१९ जानेवारी

प्रिय खारू,

उत्तर आले नाही, ते योग्यच. मी अपेक्षा नाही असे लिहिले होते. तरीही अहवाल पुढे चालू ठेवते, कारण अर्धवट नोंद मला सहन होत नाही.

अठरा मोहिमा पार केल्या. माझ्या फळीत तिघे आहेत. घणाघात हा आडदांड. हातात घण, डोक्यात त्याहून कमी. पारदर्शी हा भिंतीतून आरपार जातो, पण गर्दी पाहिली की त्याला घाम फुटतो. आणि सातमजली. ती सात मजल्यांइतकी उंच होते आणि तिला उंचीची भीती वाटते. असली वीरांगना ज्याने घडवली त्याला मी चांगली ओळखते, म्हणून जास्त बोलत नाही.

मात्र एक तक्रार नोंदवते. दोन लढायांच्या मधे ही मंडळी एका बंद पडलेल्या छापखान्यात राहतात आणि त्या वेळी त्यांना गप्पा मारायच्या असतात. एकाला झोप लागत नाही, एकाला आपला घण कुठे ठेवला ते आठवत नाही, एकीला कोणीतरी नुसते शेजारी बसायला हवे असते. शहर जळते आहे आणि हे जिन्यात बसून मागचे दिवस आठवत आहेत. सुदैवाने एक बटण दाबले की संभाषण वगळता येते. मी वगळले. अठराही वेळा.

परिचयाची पाने तेवढी वाचली. एकूण एकतीस पात्रे, तपशीलवार. ती मी एका विशिष्ट हेतूने वाचली आणि तो हेतू सांगण्यात कमीपणा मानत नाही: मी स्वतःला शोधत होते. माझी खात्री होती की कुठेतरी एखादी चष्मेवाली खलनायिका असेल, जी समोरच्यावर कलमे फेकून मारते. तिच्याविषयीच्या निषेधाचा मसुदाही मी मनात तयार ठेवला होता, सात मुद्द्यांचा. एकतीस पाने झाली. मी कुठेही नाही. वीरांत नाही, दुष्टांत नाही, भाजीच्या दुकानात पळापळ करणाऱ्या गर्दीतही नाही.

याचे मला बरे वाटायला हवे होते.

एकोणिसाव्या मोहिमेत अडकले आहे. पुलावरची लढाई. तिथला शत्रू आपल्या हातातले पत्ते पाहू शकतो. सगळे डावपेच त्याला आधीच कळतात. चौदा वेळा हरले. प्रत्येक पराभवाची कारणमीमांसा वहीत लिहिली आहे, उपयोग शून्य. पालथ्या घड्यावर पाणी. काल फिजिओथेरपिस्ट मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "काकू, तुमच्याकडे साथीचा एकही पत्ता नाही. तुम्ही यांच्याशी बोलतच नाही का?"

मी म्हटले, तो भाग आनुषंगिक आहे.

हा शब्द तोंडून गेला आणि मी तिला म्हटले, आज व्यायाम लवकर आटोपू या.

ताई


२ फेब्रुवारी

प्रिय खारू,

त्या दिवशी ती गेल्यावर मी सातमजलीपाशी गेले. ती छापखान्याच्या गच्चीवर बसली होती, कठड्यापासून चांगली दूर. म्हणाली, "मोठी झाले की मला खालचं कुणाचंच ऐकू येत नाही." पडद्यावर माझ्यासाठी तीन उत्तरे आली. एक: 'तुझ्या उंचीमुळेच आपण जिंकलो, हे नाकारता येणार नाही.' दोन: 'मग खाली आलीस की सांगेन.' तीन: काही न बोलता बसणे.

मी पहिले निवडले. ते निर्विवाद सत्य होते. तिच्या नावापुढचे साथीचे माप घटले.

मी पुढे पारदर्शीकडे गेले. तिथेही माझे उत्तर बरोबर होते, तिथेही माप घटले. घणाघातला त्याच्या म्हणण्यातली विसंगती मी दोन ओळींत दाखवून दिली. तो निरुत्तर झाला आणि माप शून्यावर आले. तीन संवाद, तीन विजय, आणि फळी पूर्वीपेक्षा दुबळी. मी फिजिओथेरपिस्टला सांगितले की या खेळात दोष आहे, बरोबर उत्तराला शिक्षा होते. ती इतकी हसली की माझे मनगट तिच्या हातातून सुटले. म्हणाली, "काकू, तो बिचारा तुम्हाला काही विचारत नाहीये. तो फक्त सांगतोय."

पुढले आठ दिवस मी ऐकले. माझ्या स्वभावाला ते किती जड गेले हे तुला सांगायला नको. बोलायला शिकलास तेव्हापासून तू ते भोगले आहेस. मी काही न बोलता बसायचे बटण दाबत राहिले, आणि ही मंडळी बोलत राहिली. पारदर्शीला गर्दीची भीती का वाटते ते कळले. तो लहानपणी एका प्रदर्शनात हरवला होता आणि लोक त्याच्यातून आरपार चालत गेले होते. तेव्हा त्याच्या अंगी कसलीही शक्ती नव्हती. हे वाक्य वाचून मी कंट्रोलर खाली ठेवला आणि थोडा वेळ खिडकी पुसली. ती पुसण्याची गरज होती.

नवव्या दिवशी साथीचे पत्ते हाती आले. पुलावरच्या शत्रूला ते दिसत नाहीत. एकाने दुसऱ्यासाठी काय करायचे ठरवले आहे, तेवढेच त्याला वाचता येत नाही. एकोणिसावी मोहीम पहिल्या झटक्यात पार झाली.

आता मी लिहिते ते नीट वाच. सहा वर्षांपूर्वी तुम्ही दोघांनी मला लवाद नेमले. लढाई त्याने रचली होती, माणसे आणि त्यांचे बोलणे तू. रचनाकार म्हणून नाव कोणाचे लागावे, एवढाच तंटा होता. माझ्या निवाड्याचा चौदावा परिच्छेद असा: 'लढाईची रचना हाच खेळ होय. मधली संभाषणे आनुषंगिक असून, ती वगळली तरी खेळ पूर्ण राहतो.' त्या परिच्छेदावर पुढचे सगळे उभे राहिले. तुझे लेखन त्याने विकत घ्यावे, वापरावे, आणि नामावलीत नाव फक्त त्याचे असावे.

कागदपत्रांची चारशे पाने मी अकरा दिवसांत वाचली. खेळ मी खेळले नाही. तुमच्यापैकी एकानेही मला तो खेळायला सांगितले नाही, कारण मी तो खेळलेच असेन असे तुम्ही दोघेही गृहीत धरून होता. आणि न खेळता निवाडा देणे चूक आहे असे मला वाटले नाही, कारण घराचा तंटा सोडवताना मी कधी घरात राहायला गेले नव्हते.

चौदावा परिच्छेद चूक आहे. खेळ पूर्ण राहत नाही. एकोणिसाव्या मोहिमेला थांबतो. मी वगळून पाहिले.

ताई


९ फेब्रुवारी

प्रिय खारू,

छोटे पत्र. खेळाच्या अखेरीस येणारी नामावली मी काल संपूर्ण पाहिली. दोनशे बारा नावे. आवाज देणारे, रंग भरणारे, हिशेबनीस, कचेरीतल्या झाडांना पाणी घालणारी बाई. तिचे नाव आहे, आणि असायलाच हवे. तुझे नाही. मी दोनदा पाहिली, कारण पहिल्यांदा माझ्या चष्म्यावर डाग होता.

फिजिओथेरपिस्टकडून असे कळले की एवढी सूट लावण्याचे कारण खेळ आटोपता घेणे हे आहे. या महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला शेवटची दुरुस्ती यायची आहे. त्यानंतर कंपनी त्याला हात लावणार नाही; जे असेल ते कायम राहील. नावे धरून.

म्हणजे माझ्यापाशी एकोणीस दिवस आहेत. मी उद्या तुझ्या भागीदाराला फोन करीन.

ताई


१४ फेब्रुवारी

प्रिय खारू,

काल त्याच्या कचेरीत जाऊन आले. तिसरा मजला, लिफ्ट बंद. खुर्च्या एकीवर एक रचलेल्या, भिंतीवर जिथे वीरांची मोठी चित्रे असावीत तिथे फक्त चौकोनी उजळ डाग. एका टेबलावर तो आणि त्याच्यासमोर दोन पडदे. केस पांढरे झाले आहेत. मला पाहून उभा राहिला आणि बसायला खुर्ची शोधू लागला. सगळ्या रचलेल्या असल्यामुळे त्याने स्वतःची दिली आणि आपण खोक्यावर बसला.

मी माझे म्हणणे मांडले. निवाड्यातली चूक, तिचे कारण, दुरुस्तीची मुदत. तो ऐकत होता. शेवटी त्याने एकच विचारले.

"ताई, तुम्ही खेळलात?"

"हो."

"कधी?"

"या दीड महिन्यात."

त्याने दोन्ही पडदे बंद केले. मग म्हणाला, "आम्हाला वाटलं होतं तुम्ही तेव्हाच खेळलात. मी म्हटलं, ताईंनी खेळून असं म्हटलं म्हणजे खरंच माझी लढाई एकटी उभी राहत असेल. मी त्याच भरवशावर पुढचा खेळ केला. नुसत्या लढाईचा. कुणी घेतला नाही."

मी पिशवीतून निवाड्याची प्रत काढली.

मग कामाचे बोलणे झाले. नामावली बदलायला त्याची हरकत नाही. अडचण वेगळी आहे. निवाड्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दोघांच्याही लेखी संमतीखेरीज नावांत कोणताही बदल करता येत नाही. ते कलम मीच घातले होते, आणि पळवाट राहू नये म्हणून दोनदा तपासून घातले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेव्हा सोबत संमतिपत्राचा मसुदा जोडला आहे. त्यात तुझे नाव 'मूळ रचनाकार' म्हणून स्वतंत्र पानावर, सर्वांच्या आधी येईल; त्याचे 'लढाईसाठी तांत्रिक साहाय्य' या सदराखाली. मी तो त्याच्यासमोर ठेवला. "घाला ताई. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ते मी मानलं, या वेळचंही मानतो," असे म्हणून त्याने सही केली. तुझी सही खालच्या रेघेवर हवी. पंचवीस तारखेपर्यंत त्याच्या हाती पडली पाहिजे.

जाताना तो जिन्यापर्यंत पोचवायला आला. तू कसा आहेस ते त्याने विचारले. मला माहीत नव्हते. बंदरावरच्या कचेरीत मालाच्या याद्या करतोस एवढे तुझ्या बायकोने कळवले आहे, ते सांगितले. तो म्हणाला, "याद्या? तो? त्याच्या यादीतली प्रत्येक पेटी बोलत असेल."

मसुद्यात शुद्धलेखनाची चूक आढळल्यास दुरुस्त करावी.

ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय खारू,

आठ दिवस झाले. मी तुझ्या बायकोला विचारले की माझी पत्रे तुझ्यापर्यंत पोचतात का. तिचे उत्तर आले: "वन्सं, ते वाचतात. एवढंच सांगते." ही बाई साक्षीदार म्हणून मला मिळाली असती तर माझी निम्मी प्रकरणे लवकर सुटली असती.

वाचतोस, पण सही करत नाहीस. तेव्हा मला तुझ्या बाजूने विचार करणे भाग आहे. तुला असे वाटत असावे की मी चूक कबूल केली ती अर्धी आहे. तसे वाटत असेल तर तुझे अनुमान बरोबर आहे.

न खेळणे ही चूक होती, पण ती चुकून झाली. दुसरी चूक जाणूनबुजून झाली. सुनावणीच्या तिसऱ्या दिवशी तू बोलायला उभा राहिलास. तासभर बोलणार होतास, आणि मी तुला पंचवीस मिनिटांत थांबवले. त्याला मी थांबवले नाही. मी स्वतःला असे सांगितले की तू विषयांतर करतो आहेस. खरे कारण असे की पहिल्या दहा मिनिटांतच मला तुझे पटू लागले होते. मी घाबरले. मला वाटले, मला पटते आहे ते मुद्द्यामुळे नाही, तू माझा आहेस म्हणून. चौदा वर्षांची असताना मी तुला कडेवर घेऊन पाढे पाठ केले आहेत. माझ्या कानांवर माझा भरवसा नव्हता. उद्या कोणी म्हणायला नको की ताईने भावाला झुकते माप दिले. म्हणून मी तराजूच्या दुसऱ्या पारड्यावर बोट ठेवले आणि त्याला निःपक्षपातीपणा म्हटले.

मी तेव्हाच नकार द्यायला हवा होता. तुम्ही दोघे दारात आलात आणि म्हणालात, आमचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही. त्या वाक्याने मी फुगले. एरवी स्तुतीने न भुलणारी मी, नेमकी तिथे भुलले.

निवाडा वाचून झाल्यावर तू माझ्याकडे पाहून म्हणालास, "ताई, निदान पूर्ण ऐकायचंस." मी त्यावर म्हटले होते की कामकाज संपले आहे.

ऐकायला हवे होते. कोणी बाहेरचा असता तर ऐकलेही असते.

चार दिवस आहेत. सही कर. माझ्यासाठी नको, पारदर्शीसाठी कर. लोक त्याच्यातून पुरेसे चालून गेले आहेत.

ताई


१ मार्च

प्रिय खारू,

तुझे पाकीट चोवीसला मिळाले. तुझ्या भागीदाराकडे न पाठवता ते तू माझ्याकडे पाठवलेस याची नोंद घेतली.

आत माझाच मसुदा होता. 'मूळ रचनाकार' या शब्दांवर पेन्सिलीची एक सरळ रेघ. 'तांत्रिक साहाय्य' यावर दोन. समासात तुझे अक्षर, पूर्वीसारखेच, उताराला लागलेले. मी ते इतक्या वेळा वाचले आहे की मूळ न पाहता लिहू शकते: "ताई, तू परत तेच केलंस. त्याला विचारलंस का? त्याची लढाई नसती तर माझी माणसं कशाबद्दल बोलली असती? दोघांची नावं एकाच ओळीत, एकाच आकारात. हे चालत असेल तर माझी सही खाली आहे. नाहीतर माझं नाव नको."

मी खुर्चीत बसून त्याच्या कचेरीतला तो प्रसंग पुन्हा आठवून पाहिला. मी त्याच्यासमोर कागद ठेवला, त्याने सही केली, मी ती संमती मानली. त्याला काय वाटते हे मी विचारले नव्हते. सहा वर्षांपूर्वी तू माझा होतास म्हणून मी तुझ्याविरुद्ध कलले. या वेळी तू माझा आहेस म्हणून तुझ्या बाजूला इतकी कलले की दुसरा माणूस पारड्यातून बाहेर पडला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. सरळ रेघ मारली ती तू, तीही ज्याने तुझे नाव सहा वर्षे वापरले नाही त्याच्यासाठी. माझ्या उभ्या कारकिर्दीत मी इतका समतोल निवाडा दिल्याचे मला आठवत नाही. त्याविरुद्ध अपील नाही.

त्याला मी लगेच फोन करून समास वाचून दाखवला. त्याने तो पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाला, "तो असंच लिहिणार. वाक्य छोटं आणि दुखतं जास्त." नंतर नाक ओढल्याचा आवाज आला. त्याला सर्दी असावी. मी या वेळी विचारले की त्याला स्वतःला काय हवे आहे. तो म्हणाला, त्याला हेच हवे होते, पण मागायला तोंड उरले नव्हते. त्याने नवा कागद करून सही केली, त्याला तुझ्या सहीचा मसुदा जोडला आणि मी तो पुन्हा वाचून पाहिला, फक्त वाचला, काहीही बदलले नाही.

काल शेवटची दुरुस्ती आली. फिजिओथेरपिस्ट शेजारी बसली होती. मी थेट नामावली लावली. एक ओळ, दोन नावे, सारख्या आकाराची. आधी त्याचे, मग तुझे. तिने तुझे आडनाव पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, हे तुमचे कोण? मी म्हटले, धाकटा भाऊ. "आणि इतके दिवस यांच्याच माणसांशी कसं बोलायचं ते मी तुम्हाला शिकवत होते?" मी हो म्हटले. आता ती माझ्याकडून चौपट व्यायाम करून घेते. म्हणते, लपवाछपवीचा दंड.

समासात सर्वांत खाली तू आणखी एक ओळ लिहिली आहेस. सहीशी तिचा संबंध नाही, मसुद्याशी नाही. "तू हल्ली बोलतेस कुणाशी?"

पाच दिवस या प्रश्नाचे उत्तर मी तयार करत होते. पहिल्या खर्ड्यात पाच नावे होती. दूध पोचवणारा, बँकेतली मुलगी, दोन जुने सहकारी आणि फिजिओथेरपिस्ट. मग मी एकेक तपासत गेले. दूध पोचवणाऱ्याशी मी दुधाविषयी बोलते. बँकेतल्या मुलीला मी तिच्या चुका दाखवते. सहकारी अडचणीत असले की फोन करतात आणि मी मार्ग सांगते. फिजिओथेरपिस्ट बोलते, आणि मी बोटे मोजते. छापखान्यातल्या त्या मंडळींना धरता येत नाही. शेवटच्या खर्ड्यात एकही नाव उरले नाही. तेच खरे उत्तर आहे.

तुझ्या बायकोने फोन नंबर दिला आहे. रविवारी दुपारी चार वाजता मी फोन करणार आहे. विषय काहीही नाही. मुद्द्याशिवाय फोन मी आजवर कोणालाही केलेला नाही, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे मी गप्प असेन. फोन कट झाला असे समजू नकोस. तू बोलत राहा; मी ऐकत असेन.

ताई